पिंपळटेकचा लूप

सूर्यभानला मी पहिली सहा वर्षं फक्त आवाजानं ओळखत होते. मी नगरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, ट्रान्समिशनच्या खोलीत. तो सोनईच्या पलीकडं, पिंपळटेक नावाच्या गावातल्या एका खोलीच्या एक्स्चेंजात टेक्निशियन. मध्ये पन्नासेक किलोमीटर अंतर आणि त्यावरून जाणारी एक डिजिटल ट्रंक लाइन. रोज सकाळी साडेनऊला मी सर्व्हिस फोन, म्हणजे आमच्या कामापुरता वेगळ्या तारेवरचा फोन, उचलून विचारायचे, "पिंपळटेक, सिंक आहे का?" आणि तिकडून घसा साफ करून उत्तर यायचं, "हाय ताई. समदे दिवे हिरवे हायेत."

आवाज भरदार होता, म्हणून मी मनाशी एक उंचनिंच, मिशीवाला गडी उभा केला होता. प्रत्यक्ष पाहिला तो थेट अठ्ठ्याण्णव साली, त्याच्याच लग्नात. मुंडावळ्या बांधलेला, माझ्या खांद्याला लागेल एवढा, काडीसारखा पोरगा. मला बघून लाजला आणि बायकोला म्हणाला, "ह्या नगरच्या ताई. ह्यांच्याशी मी रोज बोलतो." नवरीनं, म्हणजे ज्ञानेश्वरीनं, वाकून नमस्कार केला. रोज बोलतो म्हणजे काय बोलतो, असं काही तिनं तेव्हा विचारलं नाही.

आम्ही काय बोलायचो ते मी सांगते, कारण निवृत्त होऊन पाच वर्षं झाली तरी सांगायची हौस काही जात नाही. त्या एका लाइनवरून तीस जणांची बोलणी एकाच वेळी जायची, आणि एकाचं दुसऱ्यात मिसळायचं नाही. प्रत्येकाच्या आवाजाचे सेकंदाला आठ हजार तुकडे व्हायचे आणि प्रत्येक तुकडा आकड्यांत मांडून आपापल्या ठरलेल्या खणात पडायचा. असे बत्तीस खण मिळून एक फ्रेम. तीस खण बोलण्याचे. एक खण कोण फोन उचलतोय, कोण ठेवतोय, असल्या निरोपांचा. आणि अगदी पहिला, शून्य नंबरचा खण, नुसत्या खुणेचा. त्यात ठरलेली एकच खूण पुन्हा पुन्हा येत राहायची. समोरच्या यंत्राला ती सापडली की फ्रेम कुठून सुरू होते ते त्याला कळायचं आणि मग खण मोजत प्रत्येकाचं बोलणं ज्याला त्याला मिळायचं. खूण सापडली म्हणजे सिंक आला. हरवली की दिवा लाल आणि आमची पळापळ.

सूर्यभाननं हे एकदा गावच्या शाळेत समजावलं होतं. तो म्हणाला, "ही गुरुजींची हजेरी हाय. पयला नंबर कुटून धरायचा त्येच कळलं न्हाई, तर राम्याची हजेरी गोंद्याला लागंल." पोरं हसली म्हणे. मी बारा दिवस पुण्याला ट्रेनिंग घेऊन जे धड शिकवू शकत नव्हते, ते ह्या बारावी पास पोरानं एका वाक्यात उरकलं. मला त्याचा थोडा रागच आला होता.

ती खोली आठवते अजून. चपला बाहेर काढून आत जायचं, कारण यंत्रांना धूळ चालत नाही. आम्हाला पंखा नाही आणि यंत्रांना एसी, म्हणून उन्हाळ्यात सगळा स्टाफ काही ना काही काम काढून यंत्रांपाशीच घोटाळायचा. चौऱ्याण्णवला पिंपळटेकची लाइन डिजिटल झाली, त्या दिवशी सूर्यभाननं सर्व्हिस फोनवर मला नुसतं "ताई, खरखर न्हाई!" असं तीनदा ऐकवलं. त्याआधी पिंपळटेकहून बोलायचं म्हणजे विहिरीच्या तळातून हाका मारायच्या. दिवाळीत तो एसटीच्या कंडक्टरजवळ भुईमुगाच्या शेंगा पाठवायचा, मी त्याच कंडक्टरजवळ चिवडा पाठवायचे. असं एकमेकांचं तोंड न बघता चाललं होतं, आणि छान चाललं होतं. एवढ्या वर्षांत इतक्या भरवशाचं नातं माझं दुसऱ्या कुणाशी झालं नाही, नवऱ्याशीसुद्धा नाही. त्यानं हे वाचलं तर वाचू दे.

गेल्या श्रावणात सूर्यभान सावेडीला माझ्या घरी आला. हातात पेरूंची पिशवी. तोही माझ्यासारखाच वीस सालच्या मोठ्या स्वेच्छानिवृत्तीत बाहेर पडलेला, आता शेती बघतो. बसला, पाणी प्याला आणि एकदम रडायला लागला. मला रडणारे पुरुष झेपत नाहीत. मी म्हटलं, "आधी काय झालं ते सांग. नाहीतर पेरू घेऊन परत जा."

झालं होतं ते असं. त्याच्या मुलीला, दिशाला, पुण्यात नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. घरी पेढे वाटले. शेजारची एक म्हातारी ज्ञानेश्वरीला म्हणाली, "तुजं राहिलं, ते लेकीनं केलं." त्यावर ज्ञानेश्वरी हसून म्हणाली, "काय करता, आक्का! माजं नशीबच त्या दिवशी एंगेज हुतं." सगळे हसले. सूर्यभानला पेढा गिळवेना.

मला ह्यातलं काहीच माहीत नव्हतं. ज्ञानेश्वरीला लग्नाआधी नर्सिंगचं बोलावणं आलं होतं, हेसुद्धा मी तेव्हाच ऐकलं. शहाण्णवच्या ऑगस्टमध्ये तिला पुण्याच्या एका दवाखान्याचं पत्र आलं. ती प्रतीक्षा यादीत होती आणि एक जागा मोकळी झाली होती. अमुक तारखेला पाच वाजेपर्यंत फोन करून कळवा, नाहीतर जागा पुढच्या मुलीला देऊ. हे पत्र पोस्टमनच्या हातून तिला मिळालं त्याच दिवशी, दुपारी दोन वाजता. पाचाच्या आत एसटीनं पुण्याला पोचणं शक्यच नव्हतं. तिच्या वाडीवर फोन नव्हता, म्हणून ती पळत शेजारच्या पिंपळटेकला आदिनाथच्या एसटीडी बूथवर गेली आणि पाचपर्यंत नंबर फिरवत बसली. एंगेज, एंगेज, एंगेज. दुसऱ्या दिवशी बापाबरोबर पुण्याला गेली, तर जागा दिलेली होती. पुढच्या वर्षी बाप म्हणाला, आता पुरे.

"आणि एंगेज माज्यामुळं हुतं, ताई," सूर्यभान म्हणाला.

मी विचारलं, "म्हणजे?" पण त्यानं "लूप" एवढंच म्हटलं आणि मला पुढचं सगळं कळलं.

लाइन तपासायची तर लूप टाकायचा. म्हणजे त्याच्या टोकाला जाणारी वायर येणाऱ्या वायरीला जोडून टाकायची. मग मी पाठवलेलं सगळं फिरून माझ्याकडंच परत येतं आणि वाटेत काही बिघडतंय का ते मी मोजते. तो आपल्या यंत्राच्या बाजूलाही तसाच लूप टाकायचा. अशा वेळी दोन्हीकडचे दिवे हिरवेगार असतात. का नसतील? खूण सापडतेच आहे, फक्त ती आपली आपल्यालाच. यंत्राला ते कळत नाही. मात्र गावातून बाहेर एकही फोन लागत नाही आणि बाहेरचा गावात येत नाही. नंबर फिरवणाऱ्याला नुसता एंगेज टोन ऐकू येतो. त्या काळात ट्रंक एंगेज लागणं इतकं नेहमीचं होतं की कुणी तक्रारसुद्धा करायचं नाही.

म्हणून आमची एक पद्धत होती. तपासणी झाली की मी म्हणायचे, "लूप काढ." तो म्हणायचा, "काढला." दोघंही आपापल्या रजिस्टरात वेळ लिहायचो. आता खरं सांगायचं, तर "काढला" हे सगळेच टेक्निशियन लूप काढायच्या आधीच म्हणायचे. फोन एका भिंतीला आणि लूप दुसऱ्या भिंतीला. फोन ठेवून, काढून, परत येऊन सांगणार कोण? आधी सांगायचं आणि मग चार पावलं चालत जाऊन काढायचा. अख्ख्या जिल्ह्यात हेच चालायचं आणि मलाही ते ठाऊक होतं.

त्या दिवशी सकाळी साडेअकराला सूर्यभाननं "काढला, ताई" म्हटलं, फोन ठेवला आणि त्याच क्षणी वीज गेली. बॅटऱ्या आधीच उतरलेल्या. तो डिझेल इंजिनाकडं पळाला. इंजिनाचा पट्टा तुटलेला. सायकल काढून सोनईला गेला, पट्टा आणला, बसवला, इंजिन चालू केलं, तोवर पावणेदोन वाजले. दिवे पाहिले, तर सगळे हिरवे. निवांत भाकरी खाल्ली. पावणेसहाला झाडू मारताना त्याची नजर लूपवर गेली.

"काढला. आन कुनालाच बोललो न्हाई," तो म्हणाला. "रजिस्टरात साडेअकराच हाय."

दुसऱ्या दिवशी आदिनाथ बूथवाला आला आणि म्हणाला की एक पोरगी काल रडत गेली. तेव्हा सूर्यभाननं सांगितलं, नगरकडूनच एंगेज असेल. मी ताडकन म्हणाले, "म्हणजे माझ्यावर ढकललंस!" तो म्हणाला, "व्हय." दीड वर्षानं त्याला स्थळ सांगून आलं. पोहे खाताना मुलीचा मामा कौतुकानं सांगायला लागला की पोरगी हुशार आहे, नर्सिंगला लागली होती, पण फोन लागला नाही. सूर्यभाननं बशी खाली ठेवली, पुढं मान वर केलीच नाही आणि सगळ्यांना वाटलं, नवरदेव लाजाळू आहे.

"म्हणून होकार दिलास?" मी विचारलं.

"पयल्यांदा म्हनून," तो म्हणाला. "मागनं तसं न्हाई ऱ्हायलं. लई चांगली हाय ती, ताई."

त्याला माझ्याकडून काय हवं होतं, तर मी पिंपळटेकला जाऊन तिला हे सांगावं. मी वरची साहेब, मी सांगितलं की तिला पटेल. मी चांगलीच तापले. म्हटलं, "सत्तावीस वर्षं तुझ्या बाजूला जेवायला बसते ती, आणि सांगायचं मी? तू सांग. मी फार तर शेजारी बसेन."

तो गेल्यावर मी पेरू धुवायला घेतले आणि धुता धुता माझे हात थांबले. लूप काढल्यावर त्या गावाला एक टेस्ट कॉल लावून बघायचा, असा नियम होता. तो कॉल नगरकडून लावायचा असतो, म्हणजे मी. लावला असता तर मला एंगेज मिळालं असतं आणि साडेअकराचा लूप अकरा पस्तीसला निघाला असता. तसं झालं नाही, म्हणजे मी तो लावलाच नव्हता. तो दिवस आठवायचा मी रात्र होईपर्यंत प्रयत्न केला. काहीच आठवेना. माझ्यासाठी तो कुठलासा एक दिवस होता, डबा खाल्ला असेल, पाच वाजता घरी गेले असेन. ह्याचीच मला जास्त लाज वाटली.

पुढच्या रविवारी पिंपळटेकला गेले. गाव ओळखू येत नाही आता. प्रत्येकाच्या हातात मोबाईल, आदिनाथच्या बूथच्या जागी खताचं दुकान. एक्स्चेंजची खोली आहे, पण तिला कुलूप. मी खिडकीतून आत डोकावले. रॅक तसाच उभा होता आणि भिंतीवर सर्व्हिस फोन होता. इथूनच हा मला रोज हाय म्हणायचा, असं मनात आलं आणि डोळे भरून आले. सूर्यभान घाईघाईनं दुसरीकडं बघायला लागला.

घरी ज्ञानेश्वरी मेथी निवडत बसली होती. अंगानं भरलेली, केस पांढरे झालेले, पण बसणं ताठ. चहा झाला. दिशाच्या होस्टेलच्या गोष्टी झाल्या. सूर्यभाननं माझ्याकडं पाहिलं, मी छताकडं पाहिलं. शेवटी तो बोलायला लागला.

"म्हंजे कसं हाय, शून्याच्या खनात एक खून येती..."

"अरे, सरळ सांग!" मी ओरडले.

त्यानं मान खाली घातली. "तुज्या पुन्याच्या फोनच्या दिवशी लाइन माज्यामुळं बंद हुती. म्या लूप काढाया इसरलो. सकाळी साडेअकरापासनं सांजंच्या पावनेसहापतूर."

ज्ञानेश्वरीचा हात थांबला नाही. तिनं दोन काड्या निवडल्या. मग विचारलं, "मंजी पुन्याला फोन जातच न्हवता?"

"न्हाई."

"माजाच?"

"कुनाचाच. अख्ख्या गावाचा."

तिनं मेथीची परडी बाजूला सारली. मला वाटलं, आता ही ह्याला उभा आडवा घेणार, आणि घ्यायलाच हवा. पण ती माझ्याकडं वळली.

"ताई, तुमी नगरला मोठ्या हापिसात हुता. एक इचारू?"

"विचार ना."

ती डोळे मिटून म्हणाली, "शून्य, दोन, एक, दोन." आणि त्यापुढचे सहा आकडे एका दमात, न अडखळता. "ह्योच नंबर म्या फिरवला. एकोनीस येळा. कोड भिंतीवरच्या तक्त्यातनं बघितला हुता, बाकीचा पत्रातनं. आदिनाथ म्हनला, पोरी, कोड नीट बघ. म्या पुन्ना बघितला. मागनं लग्न झाल्यावर एका साडीच्या पिशवीवर पुन्याच्या दुकानाचा नंबर बघितला, तर तितं कोड शून्य दोन शून्य. तवा मला कळलं, की म्या वरच्या न्हाईतर खालच्या वळीतला कोड वाचला. भलत्याच गावात कुनाच्या तरी घरी फोन लावत बसले. लोकांला म्या नशीब म्हनून सांगते, पन मला ठावं हाय, चूक माजी. टेलिफोनवाल्याची बायकू, आन हिला कोड लावता आला न्हाई. ह्यांला कसं सांगनार? कवा सांगितलंच न्हाई."

सूर्यभान तिच्याकडं बघतच राहिला. हे उत्तर मला द्यायलाच हवं होतं आणि त्या घरात ते फक्त मलाच पक्कं देता येणार होतं.

"ज्ञानेश्वरी, तेव्हा पुण्याचा कोड शून्य दोन एक दोनच होता," मी म्हणाले. "शून्य दोन शून्य नंतर झाला, पाचेक वर्षांनी. तुझा कोड बरोबर होता."

"बरोबर?"

"एक आकडासुद्धा चुकला नव्हता."

"आन बाकीचे सा?"

"सहाच असायचे तेव्हा. पत्रात होते तेच तू फिरवलेस."

"एकोनीसबी येळा?"

"एकोणीसही वेळा."

तिचा चेहरा कसा झाला ते मला लिहिता येत नाही. सूर्यभान हुंदके द्यायला लागला. "म्या तुला लई आदी सांगाया पायजे हुतं," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. मग मलाही राहवेना. मी म्हटलं, "आणि लाइन लागते का हे फोन करून बघायचं काम माझं होतं. मी केलं नाही. केलं असतं तर तुझा फोन लागला असता."

ज्ञानेश्वरीनं आळीपाळीनं आमच्याकडं पाहिलं. पदर तोंडाला लावला, परत काढला.

"रडू नका तुमी," ती नवऱ्याला म्हणाली. "तुमचं मागनं रडा. आदी मला रडू द्या. ताई, तुमीबी जावा. दोगंबी भाईर बसा."

आम्ही उठलो आणि ओट्यावर जाऊन बसलो. तिनं आतून दार लावून घेतलं आणि मग ती मोठ्यानं रडली.